उच्च परिचर्या शिक्षणाचा खर्च आणि रायपूरच्या परिचारिकांपुढील बचतीचे गणित

छत्तीसगडची राजधानी रायपूर ही गेल्या पाव शतकात मध्य भारतातील एक महत्त्वाची वैद्यकीय नगरी म्हणून पुढे आली आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य अस्तित्वात आले तेव्हा येथे मोठ्या उपचारांसाठी मुख्यतः १९६३ साली सुरू झालेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले, ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाणारे आंबेडकर रुग्णालय यांचाच आधार होता. २०१२मध्ये टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अर्थात एम्स सुरू झाली. नवा रायपूरमध्ये मुलांच्या हृदयविकारांवर विनामूल्य उपचार करणारे सत्य साई संजीवनी रुग्णालय आणि कर्करोगासाठीचे बाल्को मेडिकल सेंटर उभे राहिले. अतिदक्षता विभागांतील खाटा वाढल्या, आणि त्या खाटांपाशी उभे राहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांची मागणीही वाढली.

या मागणीतूनच एक प्रश्न निर्माण झाला आहे. त्याची चर्चा आरोग्य खात्याच्या बैठकांपेक्षा परिचारिकांच्या वसतिगृहांत आणि घरांत अधिक होते. चार-पाच वर्षे नोकरी केलेल्या परिचारिकेला एम.एस्सी. नर्सिंग करायचे असेल, तर तिला दोन वर्षे पगार सोडावा लागतो. त्या दोन वर्षांसाठी लागणारा पैसा आधीच्या काळात कोठे आणि कसा साठवायचा? बँकेत ठेवायचा, भांडवली बाजारात गुंतवायचा, सोन्यात घालायचा, की कर्ज काढून मोकळे व्हायचे? घरात तिचाच पगार नियमित येत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर चुकल्याची किंमत सर्व कुटुंबाला मोजावी लागते.

पार्श्वभूमी बदलली आहे

हा प्रश्न आजच अधिक टोकदार होण्यास अनेक कारणे आहेत. देशात दर हजार लोकसंख्येमागे जेमतेम दोन परिचारिका असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे हे प्रमाण तीन असावे. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१४नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. इमारती बांधता येतात. शिक्षक मात्र बांधता येत नाहीत. सहायक प्राध्यापक आणि त्यावरील पदांना एम.एस्सी. नर्सिंग ही पदवी अनिवार्य आहे. याच वर्षी संसदेने १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदाही संमत केला. थोडक्यात, उच्चशिक्षित परिचारिकेची गरज धोरणकर्त्यांना पटलेली आहे.

दुसरीकडे, अल्पबचत करणाऱ्यांचे उत्पन्न घटले. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. गृहकर्ज घेणाऱ्यांना त्याचा दिलासा मिळाला, परंतु मोठ्या बँकांच्या दोन-तीन वर्षांच्या मुदत ठेवींचे व्याज २०२५च्या अखेरीस सहा ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास आले. महिलांसाठी साडेसात टक्के व्याज देणारे दोन वर्षांचे महिला सन्मान बचत पत्र या उद्देशासाठी अगदी सोयीचे होते, पण त्यातील नवी गुंतवणूक ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. व्याजदर उतरू लागले की ठेवीदार अधिक परताव्याच्या मार्गाकडे वळतो आणि येथेच बहुतेक चुका होतात.

खरा खर्च शुल्काचा नव्हे

उच्च शिक्षणाचा खर्च म्हटला की महाविद्यालयाच्या शुल्काचा आकडा पुढे येतो. प्रत्यक्षात तो या हिशेबातील लहान भाग आहे. उदाहरणादाखल, रायपूरच्या एका खासगी रुग्णालयात दरमहा २२ हजार रुपये हाती येणारी, बी.एस्सी. झालेली परिचारिका घेऊ. खासगी महाविद्यालयाचे दोन वर्षांचे शुल्क दीड लाख रुपये आहे असे धरू. शुल्क दीड लाख. पण दोन वर्षांत न मिळालेला पगार ५ लाख २८ हजार. म्हणजे पदवीची खरी किंमत ६ लाख ७८ हजार रुपये.

पदवीनंतर पगार ३२ हजार झाला, तर दरमहाच्या १० हजारांच्या वाढीतून ही रक्कम भरून निघायला सुमारे ६८ महिने, म्हणजे साडेपाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. पण वाढ केवळ चार हजारांची मिळाली, तर हाच काळ १४ वर्षांचा होतो. निर्णय घेण्यापूर्वी पाहायचा पहिला आकडा व्याजदराचा नसून हा आहे. ज्या रुग्णालयात वा महाविद्यालयात पुढे नोकरी करायची आहे, तेथे एम.एस्सी. झालेल्यांना प्रत्यक्षात किती पगार मिळतो याची चौकशी आधी करणे हे कोणत्याही गुंतवणूक सल्ल्याहून मोलाचे ठरते.

एम्सच्या नर्सिंग महाविद्यालयांतील शुल्क नाममात्र असते आणि त्यांच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी देशपातळीवर एकच परीक्षा होते. राज्याच्या महाविद्यालयांसाठी छत्तीसगड व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे ‘व्यापमं’, वेगळी परीक्षा घेते. त्यामुळे प्रवेशपरीक्षेतील गुण हीदेखील एक प्रकारची गुंतवणूकच आहे. सरकारी जागा मिळवून देणारा तीन-चार महिन्यांचा कसून केलेला अभ्यास शुल्कातील बहुतेक सर्व रक्कम वाचवतो. एवढा परतावा कोणताही फंड देत नाही.

ज्यांनी बी.एस्सी.ऐवजी तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम केला आहे, त्यांचे गणित आणखी अवघड आहे. त्यांना आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि नंतर दोन वर्षांचे एम.एस्सी. करावे लागते. चार वर्षे पगाराविना काढणे मध्यमवर्गीय घरालाही झेपणारे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम नोकरीतील परिचारिकांसाठी आहे. तो किमान तीन वर्षांचा असला तरी पगार चालू ठेवून करता येतो. एक वर्ष अधिक गेले तरी दोन वर्षांचा पगार वाचतो, हे लक्षात घेता तो मार्ग महाग नाही. एम.एस्सी.ला मात्र असा दूरस्थ पर्याय नाही.

तीन वर्षांचा पैसा आणि तीस वर्षांचा पैसा

वरील उदाहरणातील परिचारिकेला पदवीचा एकूण खर्च ६ लाख ७८ हजार पडत असला, तरी तेवढी रक्कम हातात असण्याची गरज नसते. घर रायपूरमध्येच असेल आणि दरमहा १० हजार रुपयांत भागत असेल, तर दोन वर्षांसाठी २ लाख ४० हजार आणि शुल्काचे दीड लाख मिळून ३ लाख ९० हजार रुपये रोख लागतील. ‘किती गमावले’ आणि ‘हातात किती हवे’ हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला निर्णयासाठी, दुसरा बचतीसाठी.

आता ती दरमहा आठ हजार रुपये तीन वर्षे साठवते असे समजू. बँकेच्या आवर्ती ठेवीत सव्वासहा टक्के दराने २ लाख ८८ हजारांचे सुमारे ३ लाख १७ हजार होतील. हीच रक्कम समभाग म्युच्युअल फंडात दरमहाच्या हप्त्याने, म्हणजे एसआयपीने, गुंतवली आणि सलग १२ टक्के परतावा मिळाला, तर सुमारे ३ लाख ४८ हजार होतील. फरक ३१ हजारांचा, म्हणजे तिच्या चार महिन्यांच्या बचतीएवढा.

या ३१ हजारांसाठी काय पणाला लागते ते पाहण्यासारखे आहे. शुल्क भरण्याच्या वेळी बाजार २५ टक्क्यांनी खाली असेल, तर ३ लाख ४८ हजारांचे २ लाख ६१ हजार होतात. मुद्दलापेक्षाही २७ हजारांनी कमी. हा केवळ तर्क नाही. जानेवारी २००८मध्ये २१ हजारांपर्यंत गेलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नऊ हजारांच्या खाली आला आणि पुन्हा २१ हजारांना स्पर्श करण्यास नोव्हेंबर २०१० उजाडले. मार्च २०२०मध्ये निर्देशांक दोन महिन्यांत ४२ हजारांवरून २६ हजारांपर्यंत घसरला. त्या वेळी तो वर्षाअखेर सावरला हे खरे, परंतु महाविद्यालयाच्या शुल्काची शेवटची तारीख बाजार सावरण्याची वाट पाहत नाही. शिवाय २०२०च्या मार्चमध्ये परिचारिकांना कामावरून क्षणाची उसंत नव्हती, ही बाब वेगळीच.

म्हणून तीन वर्षांत लागणारा पैसा आणि निवृत्तीसाठीचा पैसा यांची सरमिसळ करू नये. याचा अर्थ परिचारिकेने भांडवली बाजाराकडे पाहूच नये असा नाही. तिशीच्या आत असलेल्या व्यक्तीने दरमहा पाचशे-हजार रुपयांचा हप्ता दीर्घ मुदतीसाठी चालू ठेवावा, शिक्षणाच्या दोन वर्षांत तो थांबवावा, पण जमा युनिट्स मोडू नयेत. समभाग फंडांवरील दीर्घकालीन नफ्यावर जुलै २०२४पासून साडेबारा टक्के कर असला, तरी वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. तेव्हा लहान गुंतवणूकदाराला कराची चिंता फारशी नाही.

बचतीच्या साधनांतही बारकावे आहेत. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचा दर २०२५च्या अखेरीस ६.७ टक्के होता, म्हणजे बँकेपेक्षा बरा. पण ती ठेव पाच वर्षांची असते. तीन वर्षांनंतर ती मोडता येते, मात्र मुदतीपूर्वी मोडल्यास बचत खात्याचे चार टक्केच व्याज मिळते. तीन वर्षांनी महाविद्यालयात जायचे असेल, तर अधिक दराचे हे साधन प्रत्यक्षात कमी देणारे ठरते. याउलट टपालाच्या एक, दोन वा तीन वर्षांच्या मुदत ठेवी, ज्यांचे दर तेव्हा ६.९ ते ७.१ टक्के होते, जमलेली रक्कम ठेवण्यास सोयीच्या आहेत. दुसऱ्या वर्षाचे शुल्क आणि दुसऱ्या वर्षाचा घरखर्च पहिल्या दिवशी लागत नाही; ती रक्कम एका वर्षाच्या ठेवीत राहू शकते.

नोकरी सोडण्याची तारीख

बचतीच्या चर्चेत सहसा न येणारा, परंतु हजारो रुपयांचा फरक पाडणारा मुद्दा म्हणजे राजीनाम्याची तारीख. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. १५ हजार रुपये मूळ वेतनावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ४३ हजार रुपये होते. प्रवेशाच्या घाईत साडेचार वर्षांनी नोकरी सोडणारी परिचारिका या रकमेवर पाणी सोडण्याची शक्यता असते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्यांना एका वर्षाच्या सेवेनंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. खासगी रुग्णालयांतील अनेक नेमणुका अशाच मुदतीच्या असतात. नेमणूकपत्र नीट वाचण्याचे हे नवे कारण आहे.

भविष्य निर्वाह निधीचे प्रकरण याहून नाजूक आहे. नोकरी सुटली की ‘पीएफ काढून शुल्क भरू’ हा विचार प्रथम येतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत या निधीवर सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झाले होते. मुदत ठेवीपेक्षा ते बरेच अधिक आहे. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी रक्कम काढली तर ती करपात्र होते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि त्या खात्यातील रक्कम काढून घेतली की मागील सेवेची मोजणी संपते. खाते तसेच ठेवून नव्या नोकरीत हस्तांतरित केले, तर मधल्या दोन वर्षांच्या खंडाने आधीची सेवा वाया जात नाही. निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५मध्ये अंशतः रक्कम काढण्याचे नियम सैल करण्याचा निर्णय घेतला. पण काढता येते म्हणून काढावेच असे नाही. सव्वाआठ टक्क्यांचा पैसा सर्वांत शेवटी मोडावा.

सार्वजनिक भविष्य निधीत म्हणजे पीपीएफमध्ये ज्यांनी आधीच खाते उघडले आहे, त्यांना एक सवलत उपलब्ध आहे. पाच वर्षांनंतर खातेदाराच्या स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी खाते मुदतीपूर्वी बंद करता येते. व्याजात एक टक्का कपात होते. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते, कारण ‘पीपीएफ म्हणजे १५ वर्षे’ एवढेच सर्वांच्या लक्षात राहते.

आरोग्य विम्याबाबत तर विचित्र स्थिती आहे. मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेल्या परिचारिकेला कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण असते. नोकरी सोडली की ते कालांतराने संपते. दिवसभर रुग्णांच्या सेवेत राहणारी व्यक्ती विद्यार्थिनी होताच स्वतः विनाविमा होते. छत्तीसगडच्या शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजनेत गरीब शिधापत्रिकाधारक कुटुंबांना पाच लाखांपर्यंत, तर इतर शिधापत्रिकाधारकांना ५० हजारांपर्यंत उपचार मिळतात. दुसऱ्या गटातील कुटुंबाने स्वतंत्र विमा घेणे किंवा तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवणे भाग आहे.

कर्ज की एक वर्ष थांबणे

मूळ उदाहरणात ३ लाख ९० हजार हवे होते आणि ३ लाख १७ हजार जमले. तूट ७३ हजारांची. ती भरून काढण्यासाठी आणखी नऊ महिने नोकरी करावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रवेश वर्षातून एकदाच होतो. नऊ महिने थांबणे म्हणजे एक वर्ष थांबणे, आणि निवृत्तीचे वय बदलत नसल्याने वाढीव पगाराचे एक वर्ष कायमचे गमावणे. दरमहा १० हजारांच्या वाढीच्या हिशेबाने हे नुकसान १ लाख २० हजारांचे; चार हजारांच्या हिशेबानेही ४८ हजारांचे. त्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठी ७५ हजारांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी घेतले, तर परतफेड सुरू होईपर्यंतच्या दोन वर्षांचे सरळ व्याज सुमारे १५ हजार रुपये होते. येथे कर्ज स्वस्त आहे. कर्ज म्हणजे संकट ही आपल्याकडील मध्यमवर्गीय धारणा एरवी शहाणपणाची असली, तरी प्रत्येक कर्जाला ती सारखीच लागू होत नाही.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि संस्था मान्यताप्राप्त श्रेणीतील असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत या काळाचे व्याज सरकार भरते. मात्र हा लाभ पदवी किंवा पदव्युत्तर यांपैकी एकाच वेळी मिळतो. बी.एस्सी.च्या वेळी तो घेतला असेल तर एम.एस्सी.ला तो मिळत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक उच्च दर्जाच्या संस्थांपुरती. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालय त्या यादीत आहे किंवा नाही हे पाहावे.

करसवलतीचा मोह मात्र बाजूला ठेवलेला बरा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे मिळणारी वजावट केवळ जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने, बहुतेक परिचारिकांना वजावट असून नसल्यासारखीच आहे. कर वाचवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या विमा योजनांनाही हेच लागू पडते. त्यात अडकलेला पैसा तीन वर्षांनी शुल्कासाठी मागितला, तर मुद्दलही पूर्ण हाती येत नाही.

रायपूरच्या स्मृतीतील बुडालेली बँक

रायपूरमध्ये सुरक्षिततेचा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही. येथील इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँकेतील गैरव्यवहार २००६ साली उघडकीस आला आणि हजारो खातेदारांचे पैसे अडकले. त्यांत लहान बचत करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. प्रकरण इतके लांबले की २०२३मध्ये त्याच्या पुढील तपासाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख होती; ४ फेब्रुवारी २०२०पासून ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख झाली आहे. २०२१च्या दुरुस्तीनुसार रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. दोन वर्षांच्या शिक्षणाची पुंजी एकाच लहान सहकारी बँकेत ठेवणाऱ्यास हे संरक्षण पुरेसे आहे. पण पुंजी मिळायला तीन महिने लागले आणि शुल्काची तारीख त्याच्या आधी आली, तर विमा असूनही अडचण होतेच.

बँकेपेक्षा मोठी हानी केली ती ‘चिटफंड’ कंपन्यांनी. १९८२च्या कायद्याखाली नोंदणी झालेली भिशी ही वेगळी गोष्ट. छत्तीसगडमध्ये मात्र दामदुपटीचे आमिष दाखवून पैसा गोळा करणाऱ्या कोणत्याही कंपनीला हेच नाव पडले. गावोगावी ओळखीचाच माणूस एजंट असल्याने विश्वास बसत असे. २०१८नंतर काही जिल्ह्यांत अशा कंपन्यांच्या मालमत्ता विकून ठेवीदारांना रक्कम परत करण्यास सुरुवात झाली, तरी ती पूर्ण नव्हती. २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने अशा ठेवी घेणे हाच गुन्हा ठरवला आहे. नियमित पगार असलेली, पण आठवड्याच्या पाळ्यांमुळे बँकेत जाण्यास वेळ नसलेली परिचारिका घरी येऊन हप्ता नेणाऱ्या एजंटाला सोयीची गिऱ्हाईक वाटते, हे विसरता येत नाही.

सोन्याबाबत मराठी आणि छत्तीसगडी घरांचे एकमत आहे. २०२५मध्ये सोने दहा ग्रॅममागे एक लाखावर गेल्याने या मताला बळ मिळाले. परंतु दागिना मोडताना घडणावळ जाते. नव्याने शिक्षणासाठी बचत करायची तर दागिना हे साधन नव्हे. घरात आधीच असलेले सोने मात्र ऐनवेळी तारण ठेवून अल्पमुदतीचे कर्ज घेण्यास उपयोगी पडते.

नागपूरचा मार्ग

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे रायपूरमध्ये आहेत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्यांची जुनी संस्था. अशा घरांतील मुलींना शिक्षणासाठी नागपूर जवळचे वाटते. आत्या-मावशी तेथे असते, राहण्याचा खर्च वाचतो. तथापि पिढ्यान् पिढ्या छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या मुलीचा अधिवास छत्तीसगडचा असतो आणि मातृभाषा मराठी असल्याने महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागा मिळत नाही. खासगी जागेचे शुल्क आणि रायपूरमधील सरकारी जागेचे शुल्क यांतील फरक आत्याच्या घरी राहून भरून निघत नाही. शिवाय राज्य बदलले की परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे सोपस्कारही आले.

सरकारी नोकरी आणि कंत्राट

सरकारी सेवेतील कायम परिचारिकेला या सर्व हिशेबातून बऱ्याच अंशी सुटका मिळते, कारण तिला अध्ययन रजेची तरतूद आहे. केंद्रीय नियमांत साधारणपणे पाच वर्षांच्या नियमित सेवेनंतर, संपूर्ण सेवेत २४ महिन्यांपर्यंत अशी रजा मिळू शकते आणि परतल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. रजा हा हक्क नसून प्रशासनाच्या सोयीवर ती अवलंबून असते. वॉर्डात आधीच माणसे कमी असताना ती किती जणींना मिळेल, हा प्रश्न उरतोच. वेतनश्रेणीच्या मागणीसाठी २०१८च्या मे-जूनमध्ये छत्तीसगडच्या सरकारी परिचारिकांनी संप केला, तेव्हा शासनाने अत्यावश्यक सेवा कायदा लावून अनेकींना अटक केली होती. जिची अनुपस्थिती राज्याला आणीबाणी वाटते, तिला दोन वर्षे रजेवर सोडताना तेच राज्य हात आखडते घेणार, यात नवल नाही.

कंत्राटी कर्मचाऱ्यांना तेवढेही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील १६ हजारांहून अधिक कंत्राटी कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबर २०२५मध्ये सुमारे महिनाभर संप केला. सेवेत कायम करणे ही त्यांची प्रमुख मागणी होती. खासगी क्षेत्रासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके, तर ५०पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावर राहिली. बचतीचा उपदेश करताना बचतीला जागा ठेवणारे वेतन मिळते का, हा प्रश्न आधी यायला हवा. बारा-चौदा हजारांवर काम करणाऱ्या परिचारिकेसाठी दरमहा आठ हजारांचे वरील उदाहरण निरर्थक आहे. तिच्यापुढे वेतन वाढवणारी नोकरी शोधणे किंवा एम्सची नॉर्सेटसारखी भरती परीक्षा देणे, हाच पहिला टप्पा. एम्समधील नर्सिंग अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४ हजार ९०० रुपयांपासून सुरू होते. तेथे पोहोचल्यावर एम.एस्सी.चा विचार वेगळ्या पायावर करता येतो.

या चर्चेत एक मार्ग बराच दुर्लक्षित राहिला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६च्या सुमारास अतिदक्षता परिचर्येतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. त्याच्या नियमावलीत सेवेतील उमेदवारांना नियमित वेतन आणि इतरांना रुग्णालयाच्या वेतनरचनेप्रमाणे मोबदला देण्याची अपेक्षा आहे. म्हणजे ५ लाख २८ हजारांचा जो सर्वांत मोठा खर्च, तोच येथे बव्हंशी टळतो. एक वर्षाच्या विशेष परिचर्या पदविकाही आहेत. अडचण पुढे आहे. नर्स प्रॅक्टिशनरसाठी स्वतंत्र पद आणि स्वतंत्र वेतनश्रेणी बहुतेक राज्यांच्या सेवानियमांत अद्याप निर्माण झालेली नाही. पदवी घेऊन परतलेली परिचारिका पूर्वीच्याच पदावर, पूर्वीच्याच पगारात, पण अधिक जबाबदारीने काम करते. २०२३च्या कायद्याने राज्यांनाही आपापले आयोग स्थापण्यास सांगितले आहे. छत्तीसगड शासनाला ही पदे आपल्या सेवानियमांत घालण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. वित्त खात्याची मंजुरी मात्र लागेल.